बाबांची मॅन्युअलं आणि माझं खोडरबर

पुस्तकाची किंमत कशी ठरवायची हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी तेव्हा समजत होते. चौतीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं होतं. पुस्तक हातात घेतलं की कणा, शिवण, पानांचे आकडे, आतली स्वच्छता, सगळं दोन मिनिटांत बघून व्हायचं. त्यामुळे बाबांच्या गॅरेजमधली जुनी मॅन्युअलं विकायची ठरली, तेव्हा वाटलं की हा तर आपल्या डाव्या हातचा मळ. त्या वाटण्याचा मला अजून संताप येतो, आणि तो काढायचा कुणावर हेही कळत नाही.

बाबा मेस्त्री. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. फटफट्या, जीप, टेम्पो, रिक्षा आणि मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं, जे येईल ते त्यांनी खोललं आणि परत जोडलं. मग काचबिंदूने डोळे गेले. आता त्यांना उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर आकृती कळते, अक्षर कळत नाही. गॅरेजचं शटर ओढलं, पाने आणि जॅक ज्याला हवे त्याने नेले, आणि मागे राहिली ती पत्र्याची एक मोठी ट्रंक. तिच्यात एकतीस मॅन्युअलं. ती ट्रंक आमच्या घराच्या पुढच्या खोलीत येऊन बसली, आणि मला नेमकी तीच खोली रिकामी हवी होती.

आमच्या आळीत हल्ली घरं कमी आणि भाड्याच्या खोल्या जास्त झाल्या आहेत. ज्याच्या त्याच्या दारावर पाटी, ज्याच्या त्याच्या अंगणात पर्यटकांच्या ओल्या टॉवेलांची वाळवण. निवृत्त होऊन मी बाबांकडे राहायला आले तेव्हा म्हटलं, आपणही दिवाळीपर्यंत एक खोली तयार करू. पलंग सांगून ठेवला, रंगारी बघून ठेवला. ट्रंक मात्र जागची हलेना.

पुण्याच्या एका गृहस्थांचा पत्ता लागला. जुन्या गाड्यांची मॅन्युअलं ते जमवतात. फोनवर बोलणं फार गोड, पण अटी एखाद्या वरपक्षासारख्या. पानं पूर्ण हवीत. कव्हर मूळचं हवं. डाग चालेल, पण थोडा. "आणि मॅडम, लिखाण अजिबात नको. लिखाण असलं की पुस्तक मेलं." हे ऐकून मला तर बरंच वाटलं. आयुष्यभर मी मुलांना हेच सांगत आले होते.

बाबांना विचारलं. ते खळ्यात, म्हणजे पत्रे घातलेल्या पुढच्या अंगणात, पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "ईक. माका आता वाचूक जमना नाय, आणि रस्त्यार गाडयो सगळ्यो नवीन. पण किंमत बघून ईक."

"किंमत म्हणजे किती, बाबा?"

"तां तू ठरव. घरात बुकवाली तू."

म्हणून मी ठरवायला बसले. जुलै महिना, बाहेर पाऊस, दुपारची वीज गेलेली, आणि ट्रंक उघडल्याबरोबर ग्रीस, बुरशी आणि सुक्या बांगड्याचा एकत्र वास. बांगड्याचा कुठून, ते पहिल्याच पुस्तकात कळलं. आतल्या पुठ्ठ्याला खवले चिकटले होते. कुणा होडीवाल्याने मासळीच्या हाताने ते चाळलं असणार आणि बाबांनी काही म्हटलं नसणार. आमच्या ग्रंथालयात असा हात घेऊन कुणी आला असता तर मी त्याला हात धुवायला हातपंपावर पाठवला असता.

तीन ढीग करायचं ठरवलं: उत्तम, मध्यम, रद्दी. रद्दीचा ढीग वाढतच गेला. जीपच्या मॅन्युअलात गिअरबॉक्सचं प्रकरणच नाही. खळ्यात जाऊन विचारलं, तर म्हणाले, "तां शिरोड्याच्या मेस्त्र्यान नेल्यान. तेच्याकडे एक जीप अडकलली." कधी? "गो, तुझा लगीन ठरता ठरता मोडला ना, तेच्या आदल्या वर्सा." म्हणजे तीस वर्षं होऊन गेली! फटफटीच्या मॅन्युअलातली विजेच्या तारांची घडीची आकृती अख्खी गायब. ती म्हणे गॅरेजच्या भिंतीला खळ लावून डकवली होती आणि भिंतीबरोबर गेली. एका स्कूटरच्या पुस्तकात मधली सोळा पानं कुणाला तरी देऊन बदल्यात दुसऱ्याच स्कूटरची सोळा पानं शिवलेली. या भागातल्या मेस्त्र्यांची ही रीतच होती. पुस्तक एकाकडे, गाडी दुसऱ्याकडे, मग लागेल तेवढं पान सुटं करून एस्टीच्या कंडक्टरबरोबर धाडायचं. गेलेलं पान परत मागणं कमीपणाचं. माझ्याकडे पुस्तक एक दिवस उशिरा आलं तरी मी दंड लावत असे, आणि माझ्या जन्मदात्याने पुस्तकंच्या पुस्तकं सोलून वाटली होती. मी चिडून त्यांना तसं म्हटलंही.

ते म्हणाले, "गाडयो चालू झाल्यो ना?"

मी परत आत ढिगांकडे गेले.

दोन दिवसांनी हिशेब असा झाला: वीस मॅन्युअलं रद्दी, अकरा पूर्ण. अकरांची पानं जागच्या जागी, शिवण घट्ट, आकृत्या शाबूत. मी हुरळले. मग ती अकरा नीट उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. पानोपानी पेन्सिल. समासात, आकृतीच्या पोटात, तक्त्यांच्या चौकटींत, छापील आकड्यावर आडवी रेघ मारून शेजारी दुसरा आकडा, बाण, फुल्या, आणि मध्येच "खोटां" असा शेरा. जाडी, चपटी, सुताराची पेन्सिल. ती बाबांच्या कानामागे कायम असायची. गॅरेजमध्ये पेन का ठेवत नाही असं मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की तेलकट कागदावर पेन उठत नाही, आणि उठलं तरी आमच्या हवेत शाई चार पावसाळ्यांत पसरून जाते. पेन्सिल राहते. ते मला पक्कं आठवत होतं. आठवत असूनही मला त्या वेळी एवढंच सुचलं, की पेन्सिल आहे, म्हणजे पुसता येईल.

शाळेत दर एप्रिलमध्ये मी हे काम करून घेत असे. पुस्तकात ज्यांनी रेघोट्या मारल्या असतील त्यांना बाकावर बसवायचं, हातात खोडरबर द्यायचं, आणि पान कोरं झाल्याशिवाय उठू द्यायचं नाही. मी स्वतः तर त्यात पटाईत. आधी मऊ खोडरबर, एकाच दिशेने. मग शिळ्या पावाचा गर मळून तो पानावर फिरवायचा, म्हणजे उरलेला काळेपणा उचलला जातो. तेलाच्या डागावर तांदळाचं पीठ भुरभुरून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. पाववाल्याकडून मी रोज दोन पाव जास्त घेऊ लागले, आणि पुढच्या खोलीत बसून अकराच्या अकरा पुस्तकं घासायला घेतली.

घासण्याचा आवाज खळ्यात जात असे. पहिल्या दिवशीच बाबांनी विचारलं, "काय घासतंस गो?"

"पुस्तकां साफ करतंय, बाबा."

"कर, कर. धूळ बसली आसतली."

मी खोटं बोलले नव्हते. साफच करत होते. पण त्यांच्या मनातली धूळ आणि माझ्या हातातली पेन्सिल यांत फरक आहे, हे मला कळत होतं की नव्हतं, याचं उत्तर मी अजून स्वतःला नीट दिलेलं नाही. वाचलंसुद्धा नाही मी धड. थोडं फार नजरेखालून गेलं: "घाटात पयलो गिअर," "ऑइल पुस्तकात ३ हजार, हय १ हजार," "खाऱ्या वाऱ्याक ह्यां चलणा नाय." वाचलं आणि पुसलं. मुलांच्या रेघोट्यांत कोण काय वाचत बसतं?

नऊ दिवस लागले. अकराही पुस्तकं पांढरी झाली. मी फोटो काढून पुण्याला धाडले, आणि त्या गृहस्थांचं तासाभरात उत्तर आलं की स्थिती उत्तम आहे, सगळीच घेतो, रविवारी माणूस पाठवतो. मी खूश होऊन स्वतःसाठी चहा टाकला.

शनिवारी सकाळी तांडेल आला. होडीचा मालकही तोच आणि सुकाणूवर उभा राहणाराही तोच. बंदरावरच्या मुसलमान वस्तीतला, आता चाळिशीचा, पण एके काळी माझ्या शाळेतला. पावसाळ्याची मासेमारीबंदी संपायला आठवडा राहिला होता, आणि सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी चालू होती. याच्या होडीला बाबांनी वीस वर्षांपूर्वी इंजिन बसवून दिलं होतं. तो छत्री बाहेर टेकवून बाबांच्या पायाशी बसला.

"मेस्त्रीनू, गॅस्केट गेला म्हणान हेड उतरवला. पंप पण काढूचो लागलो. आता नवीन मेस्त्री सांगता, इंजिन एका गाडयेचा आणि पंप दुसऱ्याच गाडयेचो, ह्येची खूण खंय जुळवची? तो हात लावक भिता. आठ दिसात होडी पाण्यात गेली नाय तर माजो हंगाम गेलो."

मला त्यातलं एवढं समजत होतं: डिझेल सिलिंडरमध्ये नेमकं कधी शिरायचं ते पंप ठरवतो, आणि पंप बसवताना त्याची खूण इंजिनाच्या खुणेशी जुळवावी लागते. इंजिन आणि पंप जर वेगवेगळ्या गाड्यांचे, तर कुठल्याच कंपनीचं पुस्तक ती खूण सांगू शकत नाही.

बाबांचा चेहरा असा उजळला की कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. "अरे, भिता कित्या? तो आकडो मी शोधून काढललो. पंधरा दीस बंदरार बसललंय तेच्यासाठी. तुझो बापूस जेवान घेवन येय. सगळा लिवन ठेवलेला आसा. बाय, तां तांबड्या पुठ्ठ्याचा बुक हाड. पंपाचा पान काढ आणि वाचून दाखय तेका."

तांबडं पुस्तक मी आणलं. ते अकरातलंच होतं, माझ्या मते त्यातलं सर्वांत देखणं. पंपाचं पान उघडलं. आकृती स्वच्छ. समास पांढराशुभ्र. त्या पानावर लिखाण सगळ्यांत दाट होतं आणि त्यावर मी अख्खी एक दुपार घालवली होती, ते मला लख्ख आठवलं.

"वाच मगे."

"बाबा, हय काय दिसना नाय."

"दिसना नाय कसा? मी दाबून लिवतंय. पंपाचा पान बघतंस मां?"

तांडेलने पुस्तकात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याने ओळखलं होतं असं मला वाटतं. माझं खोडरबर त्याने बाकावर बसून हाताळलेलं होतं.

"मी पुसलंय, बाबा. विकूक. लिवलेला आसला तर तो मनीस घेवचो नाय, म्हणान."

बाबांनी हात पुढे केला, मी पुस्तक दिलं. त्यांनी पानावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"छापलेला तां कंपनीचा होता गो," ते म्हणाले. "माझा होता तांच पुसलंस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. मला मात्र भयंकर राग आला, आधी त्यांचाच. लिहायचं होतं तर वेगळी वही करायची, छापील पुस्तकात कशाला? तोंडावर आलेलं ते वाक्य मी कसंबसं गिळलं.

तांडेल चाचरत म्हणाला, "मेस्त्रीनू, मगे तुमीच सांगा. आकडो याद आसतलो ना?"

"लिवन ठेवला म्हणान तर इसारलंय. सगळा ठेवक माझा डोक्या काय गोदाम आसा?"

मग तोच माझी बाजू घेऊ लागला, आणि ते मला जास्त लागलं. "जांव दे, बाई. तुमी माका एकदा अख्खो भूगोल पुसूक लावललास. तेत माझी पण काय काय वळखीची नावां होती." तो हसला. मला हसता येईना.

दाबून लिवतंय, हे बाबांचे शब्द मात्र डोक्यात राहिले होते. नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली की नाण्याचा छाप उठतो, हा खेळ मी दर वर्षी पाचवीच्या पोरांना दाखवत असे. मी उठले, मऊ शिशाची पेन्सिल आणली, तिला लांब टोक काढलं, आणि ती आडवी धरून त्या पांढऱ्या समासावर हलक्या हाताने घासायला लागले. नऊ दिवस जे पान गोरं केलं ते काळं करत गेले. आणि काळ्यातून पांढरी अक्षरं वर येऊ लागली. आधी "दर्यात". मग टॅपेटचे, म्हणजे झडपांच्या फटीचे, दोन आकडे. मग "छापील खूण खोटी". मग "मागे". मी एकेक शब्द मोठ्याने वाचत होते, तांडेल पुस्तकावर वाकला होता, बाबा मान डोलवत होते.

"मागे" च्या पुढे काहीच आलं नाही. तिथे तेलाचा डाग होता. त्यावर मी पीठ, पाव, खोडरबर, सगळे उपाय केले होते. कागदाचा वरचा पापुद्राच निघून तिथे लव उठली होती. पेन्सिल फिरवली की नुसता काळा ढग. आकडा एक होता की दोन, तेसुद्धा कळेना. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवशी आमच्या खळ्यात पाहिला.

बाबा म्हणाले, "मागे, ह्यां कळला ना? किती तां इंजिन सांगतला. माझी काठी दी."

त्या आठवड्यात ते चार दिवस बंदरावर गेले. मी छत्री धरून सोबत. होडी वाळूवर आडवी, इंजिनाला पाइपने पाणी पाजलेलं, नवीन मेस्त्री पंप एक एक रेघ मागे घेत होता आणि बाबा कान लावून "नाय," "नाय," "अजून नाय" करत होते. धूर किती काळा ते दिसत नव्हतं, म्हणून मला विचारायचे. मी सांगायची, "काळो. थोडो काळो. करडो." वीस वर्षांपूर्वी जे काम करताना त्यांना सगळं दिसत होतं, ते आता त्यांना माझ्या डोळ्यांनी करावं लागत होतं, आणि केवळ माझ्यामुळे करावं लागत होतं. चौथ्या दिवशी दुपारी इंजिनाचा आवाज एकदम एकसारखा लागला. मलासुद्धा कळला. बाबांनी काठी वाळूत रोवली आणि म्हणाले, "ह्यां. लिव." मी लिहिलं. तांडेलने माझ्याकडे बघून विचारलं, "पेन्सिलीन?" मी मान डोलावली.

हंगाम उघडला तेव्हा त्याची होडी पाण्यात होती. पुण्याच्या माणसाला मी दारातूनच परत पाठवलं. त्या गृहस्थांचे अजून मेसेज येतात, आणि स्थिती उत्तम असल्याची आठवण ते मला करून देतात.

बंदरावरून शेवटच्या दिवशी घरी येताना रिक्षात बाबांनी विचारलं होतं, "आणखी खंयची पुसलंस गो?"

मी बाहेर बघत होते. म्हटलं, "नाय, बाबा. तां एकच."

"मगे बरा," ते म्हणाले, आणि मागे टेकले.

उरलेली दहा पुस्तकं पुढच्या खोलीत आहेत. पलंग आला नाही, रंगारी आला नाही, खोली तशीच आहे. जेवणं झाली की मी तिथे पेन्सिल घेऊन बसते. एका पानाला एक दुपार जाते. जिथे ते घाईत लिहून गेले असतील तिथे काही उठत नाही. जिथे दाबून लिहिलंय तिथे कधी शब्द मिळतो, कधी नुसता बाण, आणि तो कशाकडे दाखवतोय ते विचारायची सोय मी ठेवलेली नाही. ते ब्याऐंशीचे आहेत.

आवाज अजून खळ्यात जातो.

"काय घासतंस गो?"

"पुस्तकां साफ करतंय, बाबा."

"कर," ते म्हणतात. "कर."